कासवाचे कुंपण

दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी कोणत्या शाळेत मुलांचे लक्ष अभ्यासात असते? गेल्या वर्षी आमच्याही वर्गात नव्हते. मी फळ्यावर पानिपतच्या पराभवाची कारणे लिहीत होतो आणि मुले बाकाखाली किल्ल्याचे नकाशे काढीत होती. नाशिकच्या जुन्या वस्तीत अजून थोडी अंगणे शिल्लक आहेत, आणि जिथे अंगण आहे तिथे दिवाळीला किल्ला होतोच. दगड, विटा, चिखलात बुडवलेली पोती, वरून मातीचा गिलावा, उतारावर पेरलेले अळीव, पायथ्याशी वाटीची विहीर, गुहेत मातीचा वाघ आणि सर्वांत उंच जागी महाराज. वसुबारसेच्या आत सारे पुरे झाले पाहिजे. त्या घाईपुढे पानिपत म्हणजे काय!

मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही मी उचलली. नकाशा तिच्यातही होता, पण तो किल्ल्याचा नव्हता. चौकोनी तट, आत मातीचा उंचवटा, एका अंगाला गवत, दुसऱ्या अंगाला पाण्याचे ताट आणि मधोमध आडवे ठेवलेले मडके. महाराजांच्या जागी एक वाटोळी आकृती होती आणि तिच्या पाठीवर चांदण्या काढलेल्या होत्या.

"हे काय रे?"

"कासवाचं घर, सर. यंदा किल्ला नाही. मामानं कासव आणून दिलंय. सध्या बादलीतच आहे, पण ते सारखं कडेला ओरखडतं. मला त्याला अंगणात खरीखुरी जागा करून द्यायचीय. कशी करू?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले ते कासव कोणत्या जातीचे, हे मला ठाऊक होते. आपल्याकडची कासवे घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, हेही ठाऊक होते. मुलगा मात्र गुन्हेगाराच्या नजरेने माझ्याकडे पाहत नव्हता. कोंडलेल्या जिवाला बादली पुरत नाही, एवढे त्याला कोणी न सांगता कळले होते. त्याला कायदा सुनावून खाली बसवावे, की त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे? मी मास्तरांचा जुना मार्ग पत्करला. "दोन दिवसांनी घरी ये, सांगतो," असे म्हणून वही परत दिली.

ते दोन दिवस मी पुस्तके चाळीत बसलो. कासवाला माणसाने आजवर कसकशा जागा करून दिल्या, हे शोधता शोधता जे हाती लागले ते त्या मुलापुरते ठेवू नये, असे वाटले. म्हणून हा लेख.

आरंभ आमच्याच घरापासून करतो. पंचवटीत आमचा जुना वाडा होता आणि वाड्यात दगडी बांधणीचा आड होता. त्या आडात एक काळे कासव होते. महाराष्ट्रात विहिरीत कासव सोडण्याची चाल जुनी आहे. ते किडे-अळ्या खाते, पाणी स्वच्छ राखते, आणि कासव असलेली विहीर आटत नाही, असा समज. आमची आजी रोज दुपारी भाताची चार शिते आडात टाकी. भर माध्यान्ही ऊन घटकाभर पाण्यापर्यंत उतरे, तेव्हा ते कासव एका कपारीला पुढचे पाय टेकून मान वर काढी. आम्ही मुले वरून ओरडत असू, "आलं, आलं!" ते आम्हालाच भेटायला येते अशी आमची खात्री होती.

ते उन्हाला येत होते, हे मला फार उशिरा कळले. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ती त्याला उन्हातून घ्यावी लागते. आमच्या आडात ऊन घटकाभर आणि माती मुळीच नाही. चारी बाजूंनी सरळ चिरेबंदी. ती मादी असती तर अंडी घालायला ओंजळभर वाळू तिला लाभली नसती. पुढे वाडा पाडायचे ठरले, तेव्हा आड बुजवण्यापूर्वी मजुरांनी त्याला घमेल्यातून वर काढले. घरातले मोठे म्हणाले, "गंगेवर सोडून या." आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. घमेले मीच नेले. घाटाच्या पायरीवर ठेवल्यावर ते बराच वेळ हलले नाही. मग पाण्यात गेले, थोड्या अंतरावर वर आले आणि बाहेर पडायला जागा शोधू लागले. पण दोन्ही काठ दगडी पायऱ्यांचे. त्याचे पाय पायरीवरून पुन:पुन्हा निसटत होते. मी तिथून निघून आलो. आडाहून मोठ्या आडात मी त्याला सोडून आलो होतो, असे आज वाटते.

आता जरा दूर जाऊ. कासवाला बंदिस्त जागा करून देण्याचे आपल्याकडचे एक फार जुने वर्णन शतपथ ब्राह्मणात आहे. हा ग्रंथ अडीच हजार वर्षांहून जुना. त्यात अग्निचयन नावाच्या यज्ञाचा विधी सांगितला आहे. विटांचे पाच थर रचून पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची वेदी उभारायची, आणि तिच्या पहिल्या थरात एक जिवंत कासव ठेवायचे. त्याला दही, मध आणि तूप माखायचे. मग जी गोष्ट सांगितली आहे ती वाचून मी थबकलो. कासवाच्या खाली अवका नावाची पाणवनस्पती अंथरायची आणि वरूनही तीच पांघरायची. का? तर अवका म्हणजे पाणी. अवकेत ठेवले म्हणजे कासवाला पाण्यातच ठेवले. एवढी काळजी घ्यायची आणि मग वर विटांचे आणखी चार थर चढवायचे.

त्या ऋत्विजांना कासव क्षुद्र वाटत होते असे मुळीच नाही. त्याच ग्रंथात कूर्म म्हणजेच कश्यप, आणि सारी प्रजा कश्यपाची, असे म्हटले आहे. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याने कश्यप गोत्र सांगावे, ही आपल्या भटजींची सोय तुम्हाला माहीत असेलच. त्या हिशेबाने कासव आपणा सर्वांचा मूळ पुरुष! पुढे विष्णूच्या दुसऱ्या अवताराचा मान त्याला मिळाला, गीतेत स्थितप्रज्ञाच्या उपमेला तेच आले, आणि देवळात नंदी आणि गाभारा यांच्यामध्ये त्याला दगडी रूपात कायमची जागा मिळाली. नाशिक-पंचवटीत किती देवळांत त्या कासवाला हात लावून आपण पुढे जातो! दगडी कासवाला ऊन लागत नाही, माती लागत नाही. म्हणून त्याचे आपल्याशी कधी भांडण झाले नाही. भांडण झाले ते जिवंत कासवाशी.

पुढच्या काळात प्राणी कोंडण्याचा हेतू बदलला. वेदीची जागा वैभवाने घेतली. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांना जनावरांचा मोठा शौक. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता आणि तिथले सिंह आणि गेंडे पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवले जात. तिकडे बंगालमध्ये इंग्रजांचीही तीच तऱ्हा. बराकपूरला गव्हर्नर जनरलच्या बागेत त्यांनी प्राणिसंग्रह केला होता. तिथे हिंदी महासागरातल्या आल्डाब्रा बेटावरच्या जातीचे एक प्रचंड कासव होते. ते मूळ रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतले, अशी दंतकथा आहे. १८७५ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात आणले गेले आणि २००६ च्या मार्चमध्ये तिथेच मेले. त्याचे वय अडीचशे वर्षे होते, असे संग्रहालयातले लोक सांगत. तो आकडा सोडून देऊ. पण अलीपूरचीच एकशेतीस वर्षे झाली! त्या अवधीत राणीचे राज्य गेले, राजधानी दिल्लीला गेली, बंगालची फाळणी झाली, रद्द झाली आणि पुन्हा झाली, देश स्वतंत्र झाला. कासव कुंपणाच्या आत गवत खात राहिले. त्याचे नाव ठेवले होते अद्वैत. एकमेव अशा अर्थाने ते ठेवले असेल; पण त्याच्या जन्माकडे पाहता दुसरे कोणी नाही, एवढाच अर्थ मला त्यात दिसतो.

कासवाला बाग देणाऱ्यांत मला मनापासून आवडला तो इंग्लंडमधला एक खेडवळ पाद्री, सेलबोर्न गावचा गिल्बर्ट व्हाइट. याच्या एका आत्याच्या अंगणात एक कासव चाळीस वर्षे राहत होते. ती म्हातारी बाहेर आली की कासव लगबगीने तिच्याकडे चालू लागे; परक्या माणसाकडे ते ढुंकूनही पाहत नसे. १७८० साली म्हातारी वारली. व्हाइटने थंडीच्या झोपेत असलेले ते कासव मातीतून उकरून काढले, पेटीत घातले आणि घोडागाडीने ऐंशी मैल प्रवास करून आपल्या घरी आणले. वाटेतल्या हादऱ्यांनी ते जागे झाले होते. बागेत सोडल्यावर ते इकडेतिकडे फिरले आणि मग पुन्हा भुसभुशीत माती उकरून तिच्यात जाऊन झोपले. नव्या घरात पाहुण्याने पहिल्या दिवशी पाय पसरून निजावे, तसे!

व्हाइट त्याला टिमथी म्हणे, आणि पुढची तेरा वर्षे त्याने त्याच्याकडे नुसते पाहिले. कडक उन्हात ते कोबीच्या पानाखाली जाऊन बसते. पावसाचा थेंब पडायच्या आधी आडोसा गाठते. ऋतू उतरला, ऊन तिरपे झाले, की बागेच्या भिंतीला पाठ टेकून तिरके उभे राहते, म्हणजे पुरे ऊन अंगावर यावे. नोव्हेंबर आला की घड्याळाच्या तासकाट्याच्या गतीने माती उकरू लागते. व्हाइट त्याला अधूनमधून तराजूत घालून तोलत असे. एकदा त्याने कर्णा तोंडाला लावून टिमथीला मोठ्याने हाका मारून पाहिल्या. टिमथीने दाद दिली नाही. मी मास्तर असल्यामुळे त्या प्रसंगी मला व्हाइटविषयी फार सहानुभूती वाटली.

त्याचा ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. कासवासाठी उघड्यावर जागा कशी करावी याचे सारे धडे त्या नोंदींत आहेत, आणि आजचे जाणकारही त्याहून फार वेगळे सांगत नाहीत. ऊन हवे आणि त्याच्या हाकेवर सावलीही हवी. कोणती केव्हा घ्यायची, हे त्याने ठरवायचे. गुळगुळीत फरशी नको, पायाला धरेल अशी माती हवी. उंचसखलपणा हवा, दगड आणि गवताचे झुबके हवेत. उलथले तर त्यांच्या आधाराने त्याला सुलटे होता येते. पाणी उथळ ताटात आणि ताट जमिनीशी सपाट. चरायला गवत आणि पाला. माणसाच्या ताटातले चमचमीत काही नको. अन्न आणि हवा मानवली नाही, की चांदणी कासवाच्या पाठीवरची एकेक खवली फुगून पिरॅमिडसारखी वर येते, आणि ते व्यंग जन्मभर जात नाही. तटाचा पाया जमिनीत खोल हवा, कारण ते उकरते. कोपरे वरून झाकलेले हवेत, कारण दोन भिंतींचा आधार घेऊन ते चढते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा नियम. तट भक्कम आणि आंधळा हवा. जाळीचे कुंपण घातले तर कासवाला पलीकडचे दिसते, आणि एकदा दिसले की ते दिवसभर जाळीला धडका देत तिच्या कडेकडेने चालत राहते. नाक सोलवटून घेते, खाणे सोडते. विटांचा तट घातला की ते शांत होते. हा नियम मी आधी व्यवहाराची गोष्ट म्हणून वाचला आणि वहीत उतरवून घेतला. रात्री पुन्हा वाचला तेव्हा त्याचा दुसरा अर्थ ध्यानात आला. उत्तम कुंपण म्हणजे ज्याच्या आत राहून बाहेरच्या जगाचा विसर पडतो ते! आमच्या आडाची चिरेबंदीही याच नियमाने उत्तमच होती.

टिमथीला मात्र तो विसर पडला नव्हता. १७८४ च्या उन्हाळ्यात, एवढी चांगली बाग सोडून, ते फाटकातून बाहेर पडले आणि आठ दिवस बेपत्ता झाले. व्हाइटच्या घरच्यांनी ते शोधून परत आणले. व्हाइट १७९३ साली वारला आणि पुढच्याच वर्षी टिमथीही गेले. त्याची ढाल लंडनच्या संग्रहालयात ठेवली आहे. ती नंतर जाणकारांनी तपासली, तेव्हा कळले की टिमथी हा 'तो' नव्हताच. ती मादी होती. आत्याच्या अंगणातली चाळीस वर्षे आणि व्हाइटच्या बागेतली चौदा. चौपन्न वर्षांत तिला जोडीदार दिसला नाही. कासवावर जगात सर्वांत प्रेमाने लिहिणाऱ्या माणसाला ती मादी आहे हेही समजले नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला ती फाटकातून का निघाली असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पुढे १९०७ साली जर्मनीत हांबुर्गजवळ कार्ल हागेनबेक नावाच्या गृहस्थाने प्राण्यांची एक नवी बाग उघडली. तिच्यात गज नव्हते. कृत्रिम कडे, टेकड्या, गवत, आणि पाहणारा व जनावर यांच्यामध्ये पाहणाऱ्याला न दिसणारा खंदक. सिंह मोकळाच आहे असे वाटून लोकांच्या छातीत धडकी भरे. आज जगभर प्राणिसंग्रहालयांत जी निसर्गासारखी आवारे दिसतात, त्यांचा वडील हा. त्या सुधारणेने जनावरांचे हाल निश्चित कमी झाले. ती आपण वाईट म्हणू नये. पण खंदक होताच. निसर्ग आत आणला गेला आणि जनावर निसर्गात गेले नाही.

इथपर्यंत वाचून झाल्यावर मी मुलाला काय सांगणार होतो? कासवाची उत्तम जागा कशी बांधावी हे मला आता सांगता आले असते. ती बांधू नये, हेही सांगता आले असते. दोन्ही उत्तरे खरी होती आणि दोन्ही अपुरी होती. बांधायला निघालेले हात रिकामे परत पाठवायचे, हे शिक्षकाच्या जिवावर येते. अशा वेळी मला आपल्या कोकणातले एक कुंपण आठवले.

इंग्रजीत जमिनीवरच्या कासवाला एक नाव आणि पाण्यातल्याला दुसरे. मराठीने असा भेद केला नाही. माळावरचे, विहिरीतले आणि समुद्रातले, सगळी कासवेच. हे कुंपण समुद्रातल्या कासवांसाठी आहे. सवाई माधवरावांचे राज्य ज्यांनी सांभाळले त्या नाना फडणविसांचे मूळ गाव वेळास, रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूवर येतात, मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा खड्डा करतात, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटून खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. पूर्वी ती अंडी माणसे उकरून नेत, कोल्हीकुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सोबती २००२ साली या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांना दिसली ती उकरलेली घरटी. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरले, वनखात्याला बरोबर घेतले आणि भरतीच्या रेषेच्या वर वाळूवरच एक जाळीचे कुंपण घातले.

त्या कुंपणाचे काम असे चालते. पहाटे गावातला माणूस किनारा चालत जातो. वाळूवर उमटलेल्या पावलांच्या रांगेवरून घरटे ओळखतो. अंडी हलक्या हाताने काढतो. ती उलटीसुलटी होऊ द्यायची नसतात. कुंपणाच्या आत मादीने केला होता तसाच खड्डा, तेवढाच खोल, तशाच आकाराचा करायचा आणि अंडी त्यात ठेवून वाळूने झाकायची. वाळू किती तापते यावर आतल्या जिवाचे नर की मादी हे ठरते, तापली तर माद्या अधिक; म्हणून जागेची निवडही विचाराने करावी लागते. मग पन्नासएक दिवस राखण. पिल्ले वर येण्याचे दिवस आले की घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. एके दिवशी टोपलीखाली तळहाताहून लहान अशी काळी पिल्ले वळवळत असतात. ती समुद्रात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूवर ठेवतात आणि लोक दोन्ही अंगांना उभे राहतात. चालायचे ते पिल्लांनी.

गावाने त्याचा उत्सव केला. दर वर्षी वेळासला कासव महोत्सव होतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, उकडीचे मोदक खातात आणि पहाटे किनाऱ्यावर जातात. अंडी खाणाऱ्या गावाला कासवाने पोटाला दिले, असेही म्हणता येईल. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला खुणा पाठवणारे यंत्र बसवले. पश्चिम किनाऱ्यावरची अशी ती पहिली, म्हणून तिचे नाव ठेवले प्रथमा. अलीपूरचे अद्वैत आणि वेळासची प्रथमा. नावे दोन्ही संस्कृत, दोन्ही प्रेमाने ठेवलेली. एकाला कुंपणात ठेवले. दुसरी कुठे जाते हे पाहण्यासाठी माणसाने आकाशात डोळा लावला.

आपल्या संतांची एक लाडकी कल्पना आहे. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती दुरून नुसती पाहते आणि त्या नजरेने पिले वाढतात. गुरुकृपेला, देवाच्या मायेला ही उपमा आपण कीर्तनांत ऐकत आलो. जीवशास्त्र सांगते की कासवी मागे वळून पाहतच नाही. अंडी घातली, वाळू लोटली, गेली. तिची आणि पिलांची भेट नाही. म्हणजे संतांची कल्पना खोटी पडली? वेळासच्या किनाऱ्यावर पहाटे टोपली उचलून पाहणारा माणूस डोळ्यांपुढे आणला, की ती खोटी वाटत नाही. ती नजर आता त्याने पत्करली आहे. हातात न घेता, घरी न नेता, दुरून पाहून वाढवणे.

कुंपण तेही आणि कुंपण हेही. वेळासच्या कुंपणाला जाळी आहे, राखण आहे, आतली जागा अगदी खऱ्यासारखी केलेली आहे. पण घालतानाच ते कोणत्या दिवशी उघडायचे याचा हिशेब केलेला असतो. कुंपण घालण्यात पाप नाही. उघडण्याचा दिवस न ठरवता घातलेले कुंपण हे पाप, एवढेच मला या साऱ्या वाचनातून कळले.

ठरल्याप्रमाणे मुलगा आला. बरोबर वडील होते. कायद्याची कुणकुण त्यांना लागली होती आणि ते घाबरलेले होते. मुलाला मी आधी टिमथीची गोष्ट सांगितली, मग वेळासची. आंधळ्या तटाचा नियमही सांगितला, कारण त्याने नकाशात जाळी काढली होती. मग चांदणी कासवाचे खरे अंगण कोणते ते सांगितले: गुजरात-राजस्थानचे, आंध्र-तामिळनाडूचे आणि सिंहलद्वीपचे रुक्ष, झुडपी माळ. पहिल्या पावसात ते तिथे हिंडू लागते आणि मादी माती उकरून अंडी घालते. सुकल्या गवतात त्याच्या पाठीवरच्या चांदण्या गवताच्या काड्यांत मिसळून जातात आणि ते दिसेनासे होते. आपल्या फरशीवर त्याच चांदण्या उठून दिसतात, आपल्याला आवडतात, आणि म्हणून त्याला पोत्यात भरून देशोदेशी चोरून विकतात. २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी घातली, ती याच लुटीमुळे.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी केलेली जागा चुकली का, सर?"

"जागा चांगली आहे," मी म्हणालो. "दार नाही तिला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे कासव घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने सौम्यपणे विचारपूस केली, कागद केला आणि मुलाला सांगितले की याला आधी डॉक्टर तपासतील; रोग नाही अशी खात्री झाल्यावर आणि योग्य माळ मिळाल्यावरच याला सोडता येईल, वाटेल तिथे सोडून चालत नाही. हे ऐकून मला माझे घमेले आठवले. मुलाने खोक्याचे झाकण लावण्यापूर्वी आत चार पाने गवत ठेवले. परतताना तो रडला. मी त्याची समजूत घातली नाही. ते रडणे योग्यच होते.

त्याने अंगणात बांधलेली जागा तशीच राहिली. पावसाळ्यात तिथे आपोआप गवत उगवले, मडक्यात एक बेडूक येऊन राहिला, दगडावर सरडा ऊन खाऊ लागला. परवा मी त्याच्या घरी डोकावलो. यंदा त्याच उंचवट्यावर किल्ला चालू आहे. बेडकाला येता-जाता यावे म्हणून त्याने तटाच्या दोन विटा काढून ठेवल्या आहेत आणि त्याच वाटेला महादरवाजा म्हणायचे ठरवले आहे.

"फाल्गुनात वेळासला न्याल का, सर?" त्याने चिखलाचे हात पुसत विचारले.

नेतो म्हटले आहे. सहलीच्या परवानगीचा अर्ज लिहून ठेवला आहे. सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या दिवशी देणार आहे.